गिऱ्हाईक पुढच्या दारानं येत नाही

अंबाबाईच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर, चप्पल लाईनीत आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ते नावारूपाला आणलं. ऑनलाईनची बाजू मी आणि माझे धाकटे दीर बघतो. देवदर्शनाला आलेला माणूस जाताना चप्पल घेऊन जाणार, या एका भरवशावर सगळी लाईन उभी. मार्च २०२० मध्ये देऊळ बंद झालं आणि तो भरवसाही संपला. माल पडून, कारागिरांची देणी डोक्यावर आणि पावसाळ्यात कातड्याला बुरशी धरायची धास्ती. तेव्हा आम्ही आधी व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगवर आणि मग स्वतःच्या वेबसाईटवर चपला लावल्या. इथपर्यंतची गोष्ट आमच्यासारख्या कितीतरी दुकानांची आहे, म्हणून ती एवढ्यावरच सोडते. पुढं गिऱ्हाईक आमच्या या दुकानात कसं वावरतं ते बघत बघत आम्ही मांडणी कशी बदलत गेलो, ते मात्र सविस्तर सांगते.

वेबसाईट करून देणाऱ्याचा सगळा जीव पहिल्या पानावर. रंकाळ्याचा फोटो, फिरती चित्रं, वळणदार अक्षरं. भावजींनी साईटला मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी नावाचं फुकट मिळणारं साधन जोडलं. आलेल्या माणसाचं बोट कुठं फिरलं, कुठं थबकलं, कुठून तो निघून गेला, हे त्यात चित्रफितीसारखं बघता येतं. माणूस कोण ते कळत नाही. महिनाभर रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं तेच बघत बसायचो. पहिलं काय कळलं, तर पहिलं पान फारसं कुणी बघतच नाही. इन्स्टाग्रामवर एखादा जोड दिसतो, मैत्रीण लिंक पाठवते, कुणी गूगलवर ‘कापशी चप्पल’ (कोल्हापुरीचाच एक प्रकार) शोधतं, आणि माणूस थेट त्या एका चपलेच्या पानावर उतरतो. त्याच्या लेखी तेच पान म्हणजे आमचं सगळं दुकान. रंकाळा त्याला दिसतच नाही.

मग तो काय करतो? बहुतेक जण मोबाईलवर असतात. आधी अंगठ्यानं फोटो भराभर सरकवतात, शेवटपर्यंत. मग किंमत. मग साईझच्या चौकटीपाशी रेंगाळतात. आणि त्यानंतर, जे खरंच घेणार असतात ते वरच्या तीन रेघा दाबून ‘आमच्याबद्दल’मध्ये शिरतात किंवा माल परत घ्यायचे नियम शोधतात. मोठ्या बाजार-साईटवर असं होत नाही. तिथं भरवसा साईटवर असतो, विकणारा कोण हे बघायला कोण जातंय. एकट्या विक्रेत्याच्या दुकानात मात्र चप्पल आवडली तरी दुसरा प्रश्न उरतोच: ही माणसं आहेत तरी कोण, पैसे घेऊन गुल तर होणार नाहीत ना? या प्रश्नासाठी गिऱ्हाईकाला दुसऱ्या पानावर पाठवलं की त्यातले काही परत येतच नाहीत. म्हणून पाटीसकट दुकानाचा फोटो, पत्ता, फोन नंबर आणि बदलून देण्याचा नियम दोन ओळींत, असं सगळं आम्ही प्रत्येक चपलेच्या पानावर किमतीच्या खालीच आणून बसवलं. साईटवाल्याला ते गचाळ वाटलं. असेल. पण त्यानंतर ‘तुमचं खरंच दुकान आहे का हो?’ असे फोन बरेच कमी झाले.

भावजींना वाचायचा नाद. लोक वेबसाईट कशी वापरतात याचे अभ्यासक याकोब निल्सन यांच्या संस्थेनं २००६ मध्ये २३२ जणांच्या नजरेचा माग काढला होता, त्यातलं त्यांनी मला दाखवलं: लोक वरची ओळ आडवी वाचतात, थोडं खाली येऊन दुसरी अर्धवट, आणि मग डावी कड धरून नजर सरळ खाली घसरते. हा अभ्यास मोठ्या पडद्यावरचा. पण कुणी परिच्छेद वाचत बसत नाही, एवढं आम्हालाही दिसतच होतं. चपलेबद्दल मी हौसेनं लिहिलेला मजकूर मी छाटला आणि प्रत्येक ओळीचा पहिला शब्द कामाचा ठेवला: ‘तळ’, ‘वेणी’, ‘टाच’, ‘वजन’, ‘कातडं’. तळ म्हशीच्या कातड्याचा, वरचं वेणीकाम शेळीच्या, हेही स्पष्ट लिहिलं. कातडं कशाचं हे फोनवर विचारायला लोक संकोचतात, पण माहीत सगळ्यांनाच हवं असतं.

फोटोंचं प्रकरण जरा खोलात सांगते. आमचा क्रम ठरलेला असायचा: जोड समोरून, जोड वरून, पायात घातलेला, मग वेणीकाम जवळून, आणि सगळ्यात शेवटी तळ. तळाचा फोटो लहान होता, नुसता असावा म्हणून टाकलेला. चित्रफितींत दिसलं की माणसं त्या फोटोवर पुन्हा पुन्हा बोट आपटतायत. क्लॅरिटी अशा टॅपची वेगळी नोंद करतं, वैतागून केलेला टॅप म्हणून. आधी आम्हाला वाटलं फोन अडकत असेल. मग आबा म्हणाले, ‘अगं, दुकानात तरी दुसरं काय करतात? चप्पल हातात घेतली की पहिली उलटी करतात.’ आणि खरंच, गिऱ्हाईक चप्पल उलटी करतं, अंगठ्यानं शिवण चाचपतं, टाच वाकवून बघतं. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, कातड्याच्या वादीनं हातानं शिवलेली असते, आणि जाणकार ते तळालाच तपासतो. फोटो मोठा होत नव्हता, म्हणून ते बोट आपटत होते. आता तळ दुसऱ्या नंबरवर आहे, शिवणीचा टाका न् टाका दिसेल इतका मोठा करता येतो, आणि पाठोपाठ कारागिराच्या हातात चप्पल वाकतानाचा छोटा व्हिडिओ आहे. त्याला संगीत लावलेलं नाही. करकर आवाज ऐकू येतो, आणि तो ऐकायला लोक व्हिडिओ परत लावतात.

रंगासाठी फोटो आम्ही दुकानाच्या उंबऱ्यात, सकाळच्या उजेडात, मोबाईलवरच काढतो. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्याचा रंग जोडागणिक थोडा वेगळा येतो आणि तेल-उन्हानं गडद होत जातो. स्टुडिओतला चकचकीत फोटो बघून मागवलेली चप्पल हातात आली की माणूस हिरमुसतो आणि परत पाठवतो. साधा फोटो कमी लोकांना ओढतो हे खरं, पण चप्पल पुण्याला जाऊन परत आली की दोन्ही वेळचं कुरिअर आमच्या अंगावर पडतं.

साईझ हे सगळ्यात अवघड जागचं दुखणं. दुकानात आबा गिऱ्हाईकाचा पाय बघतात आणि फळीवरून जोड काढतात, बोलणं दुसरंच चालू असतं. ऑनलाईन गिऱ्हाईक तक्ता उघडतं, मिटतं, परत उघडतं, आणि जातं. आपल्याकडचा ब्रिटिश नंबर एका घरानं वाढला की लांबी तिसरा हिस्सा इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. युरोपी नंबर वाढतो तेव्हा पावणेसात. बुटांचा नंबर सांगून चप्पल मागवली की गोंधळ ठरलेला. त्यातून कोल्हापुरी नवी असताना जरा घट्टच लागते, चार दिवस चावते, मग पट्टा सैल होऊन पायाला बसते. याची अमेरिकेतल्या आपल्या मराठी माणसालाही आठवण करून द्यावी लागते. बूट घालून घालून विसरलेले असतात. आता तक्ता वेगळ्या पानावर उघडत नाही, साईझच्या बटणाखालीच पसरतो. त्यात लिहिलंय: टाच भिंतीला लावा, पायाखाली कागद, पेन्सिल सरळ उभी धरा, आणि सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा, काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. पेन्सिल तिरकी धरली की पाय कागदावर एका नंबरनं वाढतो. शंका असेल तर फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. आमच्याकडं पावलांचा ढीग जमलाय: वर्तमानपत्रावर, वहीच्या पानावर, एकानं तर लाईटबिलाच्या मागं. आबा फोटो बघून नंबर सांगतात आणि क्वचितच चुकतात.

किती प्रकार दाखवायचे यावर घरात वाद झाला. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या संशोधकांचा २०००चा जॅमचा प्रयोग भावजींना तोंडपाठ: टेबलावर २४ जॅम मांडले तेव्हा थांबणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांनी घेतला, सहाच मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. त्यामुळे भावजी म्हणत, निम्मे जोड काढून टाकू. पण नंतर २०१० मध्ये अशा पन्नासेक प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला, त्यात सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला, हेही त्यांनीच शोधून आणलं, मन मोठं आहे त्यांचं. माझं म्हणणं, गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं असतं. ज्याला कापशीच हवी, कानवालीच हवी, त्याला चाळीस दाखवा, तो आनंदानं चाळेल. ज्याला ‘एक कोल्हापुरी’ हवी त्याला चाळीस दाखवले की तो ‘नंतर बघू’ म्हणून जातो. म्हणून कमी काहीच केलं नाही. प्रत्येक चपलेच्या पानाखाली फक्त तिच्यासारख्याच तीन ठेवल्या आणि ‘सगळ्या बघा’ ही ओळ दिली.

एका विक्रेत्यानं आम्हाला पडद्यावर उलटं घड्याळ आणि ‘आत्ता १२ जण ही चप्पल बघत आहेत’ असं दाखवणारी सोय विकायचा प्रयत्न केला. बारा जण खरे नसतात, आकडा मनानं पडतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या मांडण्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात खोटी घाई पहिल्याच नंबरवर. कायदा नसता तरी आबांनी ते चालू दिलं नसतं. आमच्याकडं ‘एकच जोड शिल्लक’ लिहिलं असेल तर फळीवर एकच जोड असतो.

कुरिअरचा खर्चही आम्ही लपवत नाही. ऑनलाईन खरेदीचा अभ्यास करणारी बेमार्ड ही संस्था वर्षानुवर्षं सांगते की माल टाकलेल्या ऑनलाईन टोपल्यांपैकी सरासरी ७० टक्के पैसे न भरताच सोडल्या जातात, आणि शेवटी अचानक वाढलेला खर्च हे त्यामागचं मोठं कारण. पिनकोडची चौकट आम्ही किमतीला चिकटवली. घरपोच किती पडेल ते पहिल्याच पडद्यावर कळतं. काही जण ते बघून लगेच जातात. जाऊ देत.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीतल्या बड्या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि देशभर गदारोळ झाला. त्या दिवसांत साईटवर एवढी गर्दी झाली की भावजी दर तासाला फोन बघत होते. पण ही माणसं वेगळी वागत होती. किमतीपाशी थांबत नव्हती. चप्पल कशी बनते आणि २०१९ च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्र-कर्नाटकातले कुठले आठ जिल्हे आहेत, हे वाचत होती. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, जे आमच्या साईटवर एरवी कधी घडत नाही. विक्री गर्दीच्या मानानं फारशी वाढली नाही. मात्र त्या पानाच्या तळाशी आम्ही घाईघाईनं तीन जोड लावले, ते अजून तिथून विकले जातात.

आत्ता लग्नसराईचं पान चालू आहे. नवरदेवाकडची मंडळी एकटी चाळत नाहीत. लिंक घरच्या ग्रुपवर जाते, मावशी एक सांगते, काका दुसरं, आणि शेवटी पंधरा-वीस जोड वेगवेगळ्या नंबरांचे, एका रंगाचे, अमुक तारखेच्या आत हवे असतात. ते टोपलीत भरायला लावणं म्हणजे छळ. त्या पानावर खरेदीचं बटण ठेवलेलंच नाही. आबांचा फोन नंबर आहे, आणि त्याखाली त्यांनीच सांगून लिहून घेतलेली ओळ: ‘जेवणाच्या वेळीही उचलतो, फक्त तारीख आधी सांगा.’