नऊ एप्रिल : पेशीच्या सालीवरचा हिशेब

९ एप्रिल, रात्री

आजची तारीख अ‍ॅलन विल्यम्स यांची. १९९२ साली याच दिवशी ते गेले, वय अवघं ४६. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पिंड पक्का बायोकेमिस्टचा, विषय पेशीच्या पटलावरचे, म्हणजे तिच्या बाहेरच्या सालीवरचे रेणू. काम ऑक्सफर्डमध्ये केलं, आधी अँटीबॉडीची (परक्या रेणूला धरणाऱ्या प्रथिनाची) रचना उलगडणारे रॉडनी पोर्टर यांच्या विभागात आणि १९७७ पासून मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या सेल्युलर इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारक पेशींच्या अभ्यासाच्या) युनिटचे प्रमुख म्हणून. त्यांच्या कामाची एक तऱ्हा मला फार पटते. रेणू काय काम करतो हा प्रश्न ते बिनधास्त लांबणीवर टाकत. आधी तो शुद्ध काढायचा, मोजायचा, अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या साखळीतल्या मण्यांचा) क्रम लावायचा. काम कळेल तेव्हा कळेल.

थाय-१ चंच घ्या. पेशीच्या पटलावरचं हे प्रथिन १९६४ साली माउसमध्ये प्रतिजन (अँटीबॉडी जिला धरते ती खूण) म्हणून सापडलं, तेव्हाचं नाव थीटा. विल्यम्सनी त्यासाठी रॅट धरला. माउस लहान, रॅट मोठा. मराठीत दोघेही उंदीरच, पण इथे गफलत परवडत नाही. माउसच्या प्रौढ टी पेशींवर (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) थाय-१ असतं, रॅटच्या बहुतेक प्रौढ टी पेशींवर नसतं. रॅटच्या थायमसमधल्या (टी पेशी जिथे तयार होतात त्या छातीतल्या ग्रंथीतल्या) एकेका पेशीवर मात्र सुमारे दहा लाख रेणू. ऐकायला रग्गड वाटतं. आता गणित मांडा. रेणूचं वजन १७,५०० डाल्टनच्या (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वजन) आसपास, म्हणजे पेशीमागे ०.०३ पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग). एका थायमसमधून १०० कोटी पेशी निघाल्या असं धरलं तर हाती ३० मायक्रोग्रॅम. एका मिलिग्रॅमला तीसपस्तीस थायमस, तेही वाटेत थेंब न सांडता. सांडतं तर निम्मं. म्हणूनच पूर्ण क्रम लावायला मेंदू वापरला. थाय-१ तिथेही भरपूर असतं आणि अवयव मोठा.

पटलात रुतलेलं प्रथिन नुसत्या पाण्यात उतरत नाही, डिटर्जंट (साबणासारखं द्रव्य) लागतोच. इथे डीऑक्सीकोलेट हा डिटर्जंट कामाला येतो. त्याचे मायसेल (डिटर्जंटच्या रेणूंचे पुंजके) लहान असतात. ट्रायटन या दुसऱ्या डिटर्जंटचे मायसेल इतके बोजड की एवढंसं प्रथिन जेल फिल्ट्रेशनला (रेणू आकारानुसार वेगळे करताना) भलत्याच जागी उतरतं आणि आपण त्याचं वजन चुकीचं वाचतो. पण डीऑक्सीकोलेटचे नखरे ठाऊक असायला हवेत. बफरचा (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच ८ च्या वरच ठेवायचा. तो खाली घसरला, त्यात थंड खोली, की द्रावण खळीसारखं गोठतं आणि कॉलम (प्रथिन वेगळं करायची भरलेली नळी) तुंबतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम बफरमध्ये राहिलं तर गाळ बसतो. आणि हे आख्ख्या पेशींवर थेट कधीच ओतायचं नाही. केंद्रकं फुटतात, डीएनए बाहेर येतो, नमुना शेंबडासारखा ताणला जातो. पिपेटमधून तुटतसुद्धा नाही. आधी पटलं वेगळी करायची, मग डिटर्जंट.

पुढे मसुरातून काढलेल्या लेक्टिनचा, म्हणजे साखर धरणाऱ्या प्रथिनाचा, कॉलम. (हो, आपला आमटीचा मसूर.) हे लेक्टिन डीऑक्सीकोलेटमध्येही प्रथिनावरची साखर धरून ठेवतं, हा त्याचा मोठा गुण. चिकटलेलं प्रथिन अल्फा-मिथाइल मॅनोसाइड या साखरेने सोडवायचं. यात एक खोच आहे. थायमसच्या थाय-१ चा एक हिस्सा या कॉलमला चिकटतो, दुसरा सरळ वाहून जातो. प्रथिन तेच, साखरेच्या साखळ्या वेगळ्या. वाहून गेलेलं द्रावण न तपासता ओतून दिलं तर माल गेलाच, वर "उतारा कमी पडतो" म्हणून अँटीबॉडीला दोष. पहिली धार कधी फेकू नये, हे इथे अक्षरशः खरं.

१९८१ मध्ये पूर्ण क्रम छापून आला. १११ अमिनो आम्लं, २३, ७४ आणि ९८ या जागी साखरा, ९–१११ आणि १९–८५ असे दोन डायसल्फाइड (गंधकाचे) बंध. प्रथिन छोटं, वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा साखरेचा. अडलं ते शेपटाशी. पटलात रुतायला तेलकट अमिनो आम्लांची रांग हवी, ती तिथे नव्हतीच. तरीही शेवटचा पेप्टाइड (साखळीचा तुकडा) डिटर्जंटच्या मायसेलला घट्ट धरून राहत होता. "साफ झालं नसेल" म्हणून तो तुकडा बाजूला टाकणं किती सोपं होतं! त्यांनी तसं न करता त्या विचित्र भागाचा उल्लेख पेपरच्या शीर्षकातच केला. जनुकाचा क्रम हाती आला तेव्हा कोडं आणखी वाढलं, कारण जनुक १११ च्या पुढे आणखी ३१ अमिनो आम्लं सांगत होतं. १९८५ मध्ये उलगडा झाला. ती ३१ पेशी कापून टाकते आणि १११ व्या अमिनो आम्लाला, म्हणजे सिस्टीनला, इथॅनोलअमाइन या लहान रेणूमार्फत साखर व फॉस्फोलिपिडचं (पटलातल्या चरबीचं) शेपूट जोडते. तेलकटपणा लिपिडचा होता. पटलात रुतवणाऱ्या त्या नांगराची (अँकरची) संपूर्ण रचना १९८८ मध्ये आली.

दरम्यान १९८२ मध्ये क्रमाची तुलना करून दाखवलं की थाय-१ म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनची (अँटीबॉडीचंच शास्त्रीय नाव) एकच सुटी घडी आहे. मेंदूत आणि थायमसमध्ये सापडणारा रेणू अँटीबॉडीचा भाऊबंद! त्यातूनच पुढे इम्युनोग्लोब्युलिन सुपरफॅमिलीची (त्याच घडीच्या प्रथिनांच्या मोठ्या कुळाची) कल्पना पक्की झाली. पेशींनी एकमेकींना ओळखायला वापरलेली घडी आधीची, अँटीबॉडी नंतरची, असा विल्यम्स यांचा तर्क. हा तर्क मला त्यांच्या सगळ्या कामाहून धाडसी वाटतो.

१० एप्रिल

काल मोनोक्लोनलचा, म्हणजे एकाच पेशीवंशातून मिळणाऱ्या एकसारख्या अँटीबॉडींचा, भाग राहिला. १९७७ चा पेपर, विल्यम्स यांच्यासोबत गाल्फ्रे आणि मिलस्टीन. रॅटच्या थायमस पेशींची पटलं माउसला टोचून हायब्रिडोमा (अँटीबॉडी बनवत राहणाऱ्या संकरित पेशी) केले. त्यातली डब्ल्यू३/२५ ही अँटीबॉडी टी पेशींच्या एकाच गटाला धरते असं दिसलं. तो गट मदतनीस टी पेशींचा, आणि रेणू तोच ज्याला आज सीडी४ म्हणतात (सीडी म्हणजे पेशीवरच्या रेणूंची क्रमांकयादी). पुढे रॅटच्या मॅक्रोफेजवरही (जंतू गिळणाऱ्या पेशींवरही) तो सापडला. तेव्हा "सीडी४ दिसलं म्हणजे टी पेशी" असं डोळे झाकून लिहू नये. ऑक्सफर्डच्या पुढच्या अँटीबॉडींना ओएक्स हे नाव मिळालं : ओएक्स-८ म्हणजे सीडी८, ओएक्स-२ म्हणजे सीडी२००, ओएक्स-४० अजून त्याच नावाने चालतं.

अशा अँटीबॉडींनी पेशीवरचे रेणू मोजताना नेहमी फसतं ते इथे. अँटीबॉडी वाढवत न्यायची आणि वक्र सपाट झाल्यावरच आकडा घ्यायचा. अख्खी आयजीजी (अँटीबॉडीचा नेहमीचा प्रकार) दोन्ही हातांनी दोन रेणू धरू शकते, त्यामुळे आकडा निम्म्यापर्यंत खाली येतो. एक हाताचा फॅब तुकडा लावून पडताळा घ्यावा. दुसरी, म्हणजे पहिलीला धरून ती दाखवणारी, अँटीबॉडी एफसी भाग (शेपूट) काढलेली हवी, नाहीतर पेशीवरच्या, शेपूट धरणाऱ्या एफसी रिसेप्टरवरच ढीग जमतो. जिवंत पेशी बर्फावर आणि सोडियम अझाइडमध्ये (पेशीची ऊर्जा थांबवणाऱ्या विषात) ठेवायच्या, नाहीतर अँटीबॉडी बसल्याबरोबर रेणू एका टोकाला गोळा होतात आणि आत ओढले जातात. निगेटिव्ह कंट्रोलला त्याच जातीची पण रॅटच्या पेशीला न धरणारी अँटीबॉडी. ऑक्सफर्डमध्ये ओएक्स-२१ वापरत, ती मानवी पूरक प्रथिनाविरुद्धची (कॉम्प्लिमेंट, रक्तातल्या रोगप्रतिकारक प्रथिनांपैकी एक).

आणि सीडी२, टी पेशीवरचा आणखी एक रेणू. हा रॅटमध्ये दुसऱ्या पेशीवरच्या सीडी४८ ला धरतो. त्याच युनिटमधून १९९३ मध्ये, म्हणजे विल्यम्स गेल्यानंतर, या पकडीची मोजणी छापून आली. ३७ अंशांवर विघटन स्थिरांक (आकडा जितका मोठा तितकी पकड सैल) ६० ते ९० मायक्रोमोलर, सुटण्याचा वेग सेकंदाला ६ किंवा जास्त. म्हणजे अर्धायुष्य जेमतेम ०.१ सेकंद. असल्या पकडीला नेहमीची धुण्याची पद्धत लावली तर पहिल्याच बफरला सगळं वाहून जातं आणि वहीत "बंध नाही" असं लिहिलं जातं.

उलटी चूकही होते, ती जास्त फसवी. प्रथिनात थोड्या जरी गुठळ्या (एकमेकांना चिकटलेले रेणू) असल्या तरी त्या एकाच वेळी अनेक ठिकाणी चिकटतात, सुटता सुटत नाहीत आणि बंध मोजणाऱ्या सेन्सरवर छान घट्ट बंधाचा आलेख काढून देतात. तेव्हा जेल फिल्ट्रेशन आदल्या आठवड्याचं चालत नाही. त्याच दिवशी, इंजेक्शनच्या (नमुना सेन्सरवर सोडण्याच्या) आधी, फक्त एकेरी रेणूंचा शिखराचा भाग घ्यायचा. सुटण्याच्या आलेखात सुरुवातीला सरळ कडा आणि मागे लांबलचक शेपूट दिसलं, तर ते शेपूट गुठळ्यांचं समजावं. गोठवून परत वितळवलेल्या नळीवर तर विश्वासच ठेवू नये.