मोडलेल्या गल्लीचा फोटो: जागा कशी ओळखायची, साल कसं काढायचं

ग्लासगोत १८६८ ते १८७१ या काळात थॉमस अ‍ॅनन नावाच्या फोटोग्राफरने तिथल्या नगरसुधारणा ट्रस्टसाठी पाडायच्या बोळांचे फोटो काढून ठेवले. फोटोखाली रस्त्याचं नाव, बोळाचा नंबर. आपल्याकडे मराठवाड्यात गल्ली पाडताना मोजणी झाली, नोटिसा निघाल्या, पण फोटो काढून ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळे हाती येतात ते वरातीचे, मुंजीचे, गणपतीचे फोटो. माणसं पुढे, गल्ली मागे, तीही अर्धवट. काम त्या अर्धवटावरच करायचं असतं.

सुरुवात फोटोच्या पाठीपासून करा. तिथलं निळ्या बॉलपेनचं "१९३५" हे बहुतेक वेळा नातवाने केलेला अंदाज असतो. शाईने किंवा पेन्सिलीने उर्दूत लिहिलेला आकडा मात्र सोन्याच्या मोलाचा, फक्त तो नीट वाचता यायला हवा. निजाम राजवटीत सरकारी व्यवहार फसली सनात, म्हणजे पीक-हंगामावर बेतलेल्या कालगणनेत, चाले. सनापुढे "फे" हे अक्षर असेल तर फसली, "हे" असेल तर हिजरी, "ऐन" असेल तर इसवी. फसलीत ५९० मिळवायचे. वर्ष ऑक्टोबरात आझर महिन्याने सुरू होई, म्हणून जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९१. फसली १३४५ म्हणजे १९३५-३६, पण हिजरी १३४५ म्हणजे १९२६-२७. एक अक्षर चुकलं की नऊ वर्षं गेली. आकड्यांचीही गंमत आहे: उर्दूत गोलसर दिसतो तो पाच, शून्य म्हणजे नुसतं टिंब. सात इंग्रजी व्ही सारखा, आठ त्याच्या उलटा. फोटो उलटा धरला की साताचे आठ होतात. मराठी हातातला आकडा अठराशेच्या घरात असेल तर तो शकही असू शकतो. शके १८५७ मध्ये ७८ मिळवले की १९३५ येतं.

स्टुडिओच्या शिक्क्यात "हिज एक्झॉल्टेड हायनेस" असेल तर तो १९१८ नंतरचा, कारण निजामाला ती पदवी त्याच वर्षी मिळाली. मागे रेल्वेची पाटी असेल आणि तिच्यावर "गॅरंटीड" हा शब्द असेल तर १९३० च्या आधीची. त्या साली निजाम सरकारने रेल्वे स्वतःकडे घेतली.

मग कागद. इथे एक फरक डोक्यात पक्का हवा: फोटो काढल्याचं साल आणि ही प्रत छापल्याचं साल वेगळं असू शकतं. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला पातळ, पिवळट कागद बहुधा अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला), म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. गडद भागात तिरक्या उजेडात चंदेरी झाक दिसली तर जिलेटिनचा. प्लास्टिकचा थर असलेला, पाण्यात न फुगणारा कागद १९७० च्या आसपास आणि नंतरचा. अशा कागदावर पगडीवाले आजोबा दिसले तर ती बहुधा प्रतीची प्रत आहे. खात्री करायला बोट फिरवा: भेग डोळ्याला दिसते पण बोटाला लागत नाही, म्हणजे भेग मूळ फोटोत होती आणि ती चित्रात छापली गेली. घड्याळजीच्या भिंगातून बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटो नव्हेच. पुस्तकातलं किंवा कॅलेंडरवरचं कात्रण आहे.

निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेल्या प्रती पुष्कळ असतात आणि मग गल्लीचं वळण डावीकडचं उजवीकडे जातं. पाटी वाचता येत नसेल तर पुरुषाच्या शर्टाचा खिसा बघा. तो डाव्या छातीवर असतो, म्हणजे समोरून बघताना आपल्या उजव्या हाताला यायला हवा.

आता चित्रात काय दिसतं ते. नियम सोपा आहे: चित्रातली सगळ्यात नवी वस्तू सांगते की फोटो तिच्या आधीचा नाही. जुनी वस्तू काहीच सांगत नाही, कारण आपल्याकडे जुनं टाकत नाहीत. भिंतीवरची निवडणूक चिन्हं फार कामाची. बैलजोडी १९५२ च्या निवडणुकीपासून १९६९ च्या फुटीपर्यंत काँग्रेसची, गाय-वासरू १९७१ ते १९७७, पंजा १९७८ पासून. पण रंगवलेली भिंत पाच-सात वर्षं तशीच राहते, म्हणून चिन्हाने फक्त खालची मर्यादा पकडायची. सिनेमाच्या पोस्टरचंही तेच. तालुक्याच्या टॉकीजला जुने चित्रपट पुन्हापुन्हा लागत. उर्दू पाटी म्हणजे निजाम राजवट संपली त्या १९४८ च्या आधीचा फोटो, हे तर साफ चूक. छत्रपती संभाजीनगरच्या (जुन्या औरंगाबादच्या) शहागंजात आजही उर्दू पाट्या आहेत.

पाट्यांवर जिल्हा वाचा. जालन्याच्या दुकानावर "जि. औरंगाबाद" असेल तर पाटी मे १९८१ च्या आधी रंगवलेली. लातुरात "जि. उस्मानाबाद" असेल तर ऑगस्ट १९८२ च्या आधीची. नुसतं "मराठवाडा विद्यापीठ" १९५८ ते जानेवारी १९९४. "हैदराबाद स्टेट बँक" १९५६ पर्यंत, "स्टेट बँक ऑफ हैदराबाद" त्यानंतर. गाडीवर एमएच २० असेल तर १९८९ च्या मागे जायचं कारणच नाही.

सगळ्यात दुर्लक्षित पुरावा दाराच्या चौकटीवर असतो. तिथे तीन गोष्टी सापडतात. एक, पत्र्याच्या बिल्ल्यावरचा हैदराबादी पद्धतीचा तीन भागांचा घरनंबर, जसा ४-१२-३५. दोन, जनगणनेवाल्यांनी रंगाने लिहिलेला नंबर. तीन, हिवतापाच्या डीडीटी फवारणीवाल्यांनी टाकलेली खूण, कधीकधी तारखेसह. ही मोहीम १९५३ ला सुरू झाली आणि १९५८ ला निर्मूलन कार्यक्रम झाली. हे वाचायचं असेल तर मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका. स्कॅनर वापरा, आणि त्यावरही सहाशे डीपीआय (इंचाला टिपले जाणारे बिंदू) पुरणार नाहीत. छोट्या प्रतीला बाराशे द्या, टिफ या फाइल-प्रकारात साठवा आणि पाठीचाही स्कॅन करा.

घरनंबर मिळाला तर नगरपालिकेचं जुनं कर आकारणी रजिस्टर आणि भूमी अभिलेख कार्यालयातला सिटी सर्व्हेचा नकाशा समोर ठेवा. नाही मिळाला तर गल्लीची रुंदी काढा. चित्रात सायकल असेल तर तिचं चाक साधारण २८ इंच व्यासाचं धरा आणि त्या मापाने सायकलच्या रेषेतच, म्हणजे कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर, दोन्ही भिंतींमधलं अंतर मोजा. पुढच्या सायकलने मागची भिंत मोजली की गल्ली आहे त्यापेक्षा अरुंद निघते. घराचं तोंड बदलतं. जोत्याचे दगड, उतार, पायऱ्यांची संख्या, दोन खांबांमधले खण आणि लांबून दिसणारा मिनार किंवा वेशीची कमान सहसा बदलत नाही. भिंत जुळली नाही तरी हे जुळवा. किल्लारी परिसरात मात्र १९९३ च्या भूकंपानंतर गावंच दुसऱ्या जागी बसली, तिथे जुन्या गावठाणाच्या नकाशाशिवाय गत्यंतर नाही.

जाणत्या माणसांना विचारायचं ते वेगवेगळं, आणि गल्लीचं नाव न सांगता. "ही कुंभारगल्लीच ना?" असं विचारलं की हो म्हणणारे दहा भेटतात. "या दाराच्या उजव्या हाताला कोण राहायचं?" असं विचारा. दोघांची उत्तरं जुळली तरच धरा.

नोंद मऊ पेन्सिलीने, पाठीवर, कडेला, आणि कारणासह: "१९५३ नंतर (डीडीटी खूण, बैलजोडी), प्रत नंतरची, जागा दोन साक्षींवरून, नकाशाशी अजून ताडलेली नाही."