स्वतः बांधलेली पहिली स्ट्रिंग

रिकर्व्ह धनुष्याला (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) मी बरेच दिवस विकतचीच स्ट्रिंग, म्हणजे धनुष्याची दोरी, लावत आलो. मग एकदा ठरवलं की ती स्वतः बांधायची, आणि कामाच्या टेबलावर जिग, म्हणजे धागा गुंडाळायचा साचा, बसवला. एका लांब पट्टीवर दोन फिरणारे हात आणि प्रत्येक हातावर दोन खुंट्या, एवढाच तो असतो. धनुष्य ६८ इंची, म्हणून स्ट्रिंग ६५ इंचांची धरली; रिकर्व्हला तीन इंच वजा करायचे हा ठोकताळा आहे. धागा डायनीमा या कृत्रिम तंतूचा घेतला, तो फारसा ताणला जात नाही. जुन्या लाकडी धनुष्याला मात्र तो लावू नये, लिंबची (धनुष्याच्या बाहूंची) टोकं तडकतात. तिथे थोडा ताणला जाणारा डेक्रॉनचा धागाच बरा.

१८ पदर हवेत म्हणजे खुंट्यांभोवती नऊ फेरे. काम सोपं वाटतं, पण सगळे पदर सारख्याच ताणाचे असायला हवेत. माझा पहिला प्रयत्न इथेच फसला. स्ट्रिंग चढवल्यावर दोन पदर बाजूला फुगून राहिले, बोट फिरवलं की लगेच हाताला लागायचे. सगळं उलगडून पुन्हा गुंडाळलं. या वेळी प्रत्येक फेऱ्याला धागा तेवढ्याच जोराने ओढला आणि मध्ये कुठेही थांबलो नाही. टोकांचे लूप आणि मधलं सर्व्हिंग, म्हणजे पदरांवर गुंडाळायचं धाग्याचं वेष्टण, त्यामानाने पटकन झालं.

नॉक, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची खाच, स्ट्रिंगवर नीट बसतो का, हे मी असं बघतो: स्ट्रिंग आडवी धरून बाण नॉकने खाली लोंबकळत ठेवायचा आणि स्ट्रिंगवर बोटाने टिचकी मारायची. टिचकीने बाण सुटला तर जाडी बरोबर. टिचकीआधीच पडला तर सर्व्हिंगचा धागा बारीक आहे, आणि टिचकीनेही हलला नाही तर जाड.

खरी अडचण पुढे आली. ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिपच्या खोलगट भागापासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर, ८.२५ इंच भरलं. मला ८.७५ हवं होतं. स्ट्रिंग उतरवून एक लूप सोडवला, पीळ वाढवून ती थोडी आखूड केली, आणि अंतर बरोबर आलं. दोनच दिवसांत चाचणीसाठी सोडलेले पिसं नसलेले बाण पिसांच्या बाणांपेक्षा वर लागायला लागले. मी अँकर (स्ट्रिंग ओढल्यावर हात चेहऱ्याला टेकतो ती जागा) तपासला, खांदा तपासला, आठवडाभर स्वतःच्याच हाताला दोष देत राहिलो. शेवटी बो स्क्वेअर, म्हणजे स्ट्रिंगला लावायची काटकोनी पट्टी, लावून पाहिला, तर काटकोनाच्या रेषेपासून सहा मिलिमीटर वर बांधलेला नॉकिंग पॉइंट (बाण अडकवायची खूण) तीनवर घसरलेला! नखाने सर्व्हिंग सरकवलं तर ते सरकत होतं. सर्व्हिंग एका दिशेने गुंडाळलं होतं आणि पीळ मी उलट दिशेने दिला होता. जितका पीळ वाढवला तितकं सर्व्हिंग सैल होत गेलं. मला वाटतं, नवी स्ट्रिंग बांधणाऱ्याला सगळ्यात आधी हेच सांगायला हवं. पीळ आणि सर्व्हिंग एकाच दिशेने असेल तर पीळ वाढला की सर्व्हिंग आणखी घट्ट बसतं.

सर्व्हिंग काढून योग्य दिशेने पुन्हा बांधलं. नॉकिंग पॉइंट सहावर आणल्यावर पिसं नसलेले बाण बाकीच्यांत मिसळले.

आता नवी स्ट्रिंग चढवली की पहिले शंभरेक बाण होईपर्यंत ब्रेस हाइट पुन्हा पुन्हा मोजतो, कारण नवी स्ट्रिंग थोडी लांबून ती कमी होतेच. मेण लावलं की ते दोन बोटांत गरम होईपर्यंत चोळायचं, तरच पदरांच्या आत जातं. सर्व्हिंगवर मी ते लावत नाही. एकही पदर तुटलेला दिसला तर स्ट्रिंग बाद. कार्बनचा प्रत्येक बाणही सोडण्याआधी हलका वाकवून कानाशी नेतो. करकर ऐकू आली तर तो बाण मोडूनच टाकतो, चुकूनही पुन्हा भात्यात जायला नको.

ब्रेस हाइट, नॉकिंग पॉइंट आणि पिळाचे वेढे, हे तीन आकडे स्ट्रिंग उतरवण्याआधी वहीत लिहून ठेवतो.