सामना असला तरच गाडी थांबते असं स्टेशन

भुसावळच्या माणसाचं लक्ष कुठंही गेलं तरी आधी स्टेशनकडे जातं. गावात शिरायच्या आधी फलाट किती, कोणती लाईन कुठं जाते, मालगाड्यांचं यार्ड कुठं आहे, हे तो बघून घेतो. मीही काशिमात आलो तेव्हा तेच केलं.

काशिमा म्हणजे टोकियोपासून बसनं दोनेक तासांवरचं समुद्रकाठचं गाव. पोलाद आणि रसायनांचे कारखाने, एक जुनं शिंतो मंदिर, आणि फुटबॉलचं मैदान. त्या मैदानाला स्वतःचं स्टेशन आहे. नावच 'काशिमा सॉकर स्टेडियम'. १९७० मध्ये ते मालगाड्यांसाठी सुरू झालं तेव्हा नाव होतं 'किता-काशिमा'. १९९४ मध्ये नाव बदलून ते प्रवाशांसाठी उघडलं. पण प्रवासी गाड्या थांबतात त्या फक्त सामन्याच्या दिवशी. एरवी फलाट मोकळा.

सामन्याच्या दिवशी मात्र गाडीचं दार उघडलं की गडद लाल रंगाचा लोंढाच बाहेर पडतो. आजोबा, नातवंडं, कडेवरचं पोर, सगळ्यांच्या अंगात तोच लाल शर्ट. मैदानाच्या कडेनं मोठ्या पातेल्यांत 'मोत्सुनी' रटरटत असतं, आतड्यांचा दाट रस्सा. मी तो खात नाही. पण थंडीच्या दिवसांत त्याची वाफ नाकात गेली की मला आपल्याकडच्या भरीत पार्टीचा धूर आठवतो. शेतात काट्या पेटवून वांगी भाजतात ना, तसा वास नाही, पण माणसं तशीच त्याच्याभोवती गोल करून उभी असतात.

एवढ्याशा गावाची टीम, काशिमा अँटलर्स, देशाच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये आली कशी, हे समजून घ्यायला मला वर्ष लागलं.

जपानमध्ये फुटबॉल लीग १९६५ पासून आहे. डेटमार क्रामर या जर्मन प्रशिक्षकानं आग्रह धरला आणि आठ संघांनी सुरुवात झाली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपाननं कांस्यपदकही मिळवलं. पण संघ होते कंपन्यांचे. खेळाडू म्हणजे कामगार नाहीतर कारकून, आणि बघायला येणारेही बरेचसे त्याच कंपनीतले. पुढं गर्दी ओसरली.

मग १९९१ मध्ये जे-लीग या नव्या व्यावसायिक लीगची स्थापना झाली. पहिले अध्यक्ष साबुरो कावाबुची यांनी अटी घातल्या: खेळाडू व्यावसायिक हवेत, १५ हजार प्रेक्षकांचं मैदान हवं, लहान मुलांचे संघ हवेत. आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती अट अशी, की संघाच्या नावात कंपनी नको, गाव हवं. पैसा कंपनीनं लावायचा, नाव गावाचं लागायचं.

काशिमातला संघ होता सुमितोमो मेटल या पोलाद कंपनीचा, तोही दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला. गावाची वस्ती पन्नास हजारांच्या आत. कावाबुचींनी त्यांना सांगितलं होतं की तुम्हाला प्रवेश मिळायची शक्यता ९९.९९९९ टक्के नाही. हां, छप्पर असलेलं १५ हजारांचं मैदान बांधलंत तर बघू. नकार पचायला सोपा जावा म्हणून घातलेली ती अट गावानं खरी करून दाखवली! ब्राझीलचा नामांकित फुटबॉलपटू जिको १९९१ मध्येच या आडगावच्या संघात येऊन दाखल झाला होता.

१५ मे १९९३ ला टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर ५९,६२६ लोकांसमोर पहिला सामना झाला. योकोहामा मारिनोसनं व्हेर्दी कावासाकीला २-१ नं हरवलं. दुसऱ्या दिवशी काशिमा अँटलर्सनं नागोयाला ५-० नं लोळवलं, आणि त्यातले तीन गोल चाळिशीतल्या जिकोचे. दहा संघांची ती लीग आज तीन स्तरांवर साठ संघांची झाली आहे. काशिमानं २००७, २००८ आणि २००९ अशी सलग तीन वर्षं विजेतेपद नेलं. २०१९ मध्ये मालकी पोलाद कंपनीकडून मेर्कारी या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीकडे गेली. शर्टावरचं काशिमा तसंच राहिलं.

सगळं गोडच झालं असं नाही. १९९८ मध्ये एका प्रायोजकानं हात काढून घेतला आणि योकोहामा फ्लुगेल्स हा संघ मारिनोसमध्ये विलीन करायचं ठरलं. समर्थकांनी खूप विरोध केला, उपयोग झाला नाही. तरी फ्लुगेल्सचे खेळाडू एम्परर्स कप या देशपातळीवरच्या स्पर्धेत जिंकतच गेले. १ जानेवारी १९९९ ला अंतिम सामना जिंकून त्यांनी कप उचलला, आणि तोच त्या संघाचा शेवटचा सामना ठरला. समर्थक मात्र घरी बसले नाहीत. त्यांनी पैसे गोळा करून योकोहामा एफसी नावाचा नवा क्लब उभा केला, आणि २००७ मध्ये तो वरच्या लीगमध्ये खेळला. हे मी जेव्हा जेव्हा सांगतो, माझा आवाज बदलतो.

कारण आपल्याकडे उलटं झालेलं मला माहीत आहे. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा जेसीटी हा कापड गिरणीचा संघ २०११ मध्ये बंद झाला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड त्याच्या आदल्याच वर्षी गेला. कंपनीनं ठरवलं की संघ संपतो. ज्या गावात तो वाढला त्या गावाला कुणी विचारत नाही.

डिसेंबरात सुट्टीवर भुसावळला आलो तेव्हा बाबांना घेऊन संध्याकाळी ग्राउंडवर गेलो. बाबा लोको शेडमध्ये होते आणि शेडच्या टीमकडून लेफ्ट बॅक खेळायचे. त्यांचे दोन जोडीदार आले होते, एक गार्ड, एक फिटर. थंडी पडलेली, कानाला मफलर. मी मोबाईलवर काशिमाचं स्टेशन दाखवलं. गार्डकाका कितीतरी वेळ तो फोटो मोठा करून सिग्नल बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्या टायमाला बी गर्दी व्हायची रे. पण ती शेडची, नाहीतर ट्राफिक खात्याची. भुसावळ म्हणून आम्ही कधी खेळलोच नाही."

बाबांनी एकच विचारलं, "त्यांच्या टीममधी गावचं पोरगं हाये का एखादं?"

मी त्यांना युमा सुझुकीचं सांगितलं. नदीपलीकडच्या चोशीचा पोरगा, लहानपणापासून काशिमाच्याच मुलांच्या संघात शिकला, बेल्जियमला खेळून आला आणि २०२२ मध्ये पुन्हा इथंच परतला.

"परत आला?" बाबांनी दोनदा विचारलं.

समोर आठ-दहा पोरं विटांचे गोलपोस्ट करून खेळत होती. बॉल घरंगळत आमच्याकडे आला. बाबांनी चप्पल बाजूला काढली, डाव्या पायानं तो थांबवला आणि पोरांकडे परत मारला.