लातूरचा उन्हाळा आणि घरचा ब्रेड

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. युट्यूबवर एक व्हिडिओ बघून मी दुपारी दीड वाजता ब्रेडचं पीठ मळलं, पातेल्यात घालून ओट्यावर ठेवलं, वर ताट झाकलं आणि पाहुण्यांकडं हळदीला गेलो. व्हिडिओत सांगितलेलं की दीड तासात दुप्पट होईल. आता हळदीतून दीड तासात कुणी उठू देतं का, जेवण झाल्याशिवाय सोडत नाहीत, यायला साडेचार वाजले. घरी आलो तर ताट एका बाजूला सरकलेलं, पीठ पातेल्याच्या कडेवरून उतरून शेगडीपर्यंत पोचलेलं आणि आई दारातच उभी. "घरात दारू कोण आणली रे?"

वास खरंच तसाच होता. यीस्ट पिठातली साखर खातं आणि गॅस सोडतं, त्यासोबत अल्कोहोलपण तयार होतं, त्यामुळं आईचं काही चुकलं नव्हतं. तरीपण मी ते भाजलंच. मधोमध खड्डा, चव आंबट, रंग पांढराफटक (साखर यीस्टनंच संपवलेली, मग रंग कुठून येणार). आईनं एक घास खाल्ला आणि म्हणाली गल्लीतल्या गायीला घाल. गायीनं हुंगलं आणि पुढं गेली.

पुढं दोन-तीन वेळा असंच झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला की ते दीड तासाचं घड्याळ आपलं नाहीच. हे व्हिडिओवाले चोवीस-पंचवीस डिग्रीच्या घरात बसून मळतात, आणि आमच्या स्वयंपाकघरात मे महिन्यात दुपारी ३८ असतं. तापमान आठ-दहा डिग्रीनं वाढलं की यीस्टचा स्पीड साधारण दुप्पट होतो. म्हणजे तिकडं दीड तासाचं काम इकडं पाऊण तासात उरकतं आणि मी तीन तास हळदीत.

यावर बेकरीवाल्यांचा एक साधा हिशोब आहे, मला तर तो लई आवडला. मळलेलं पीठ २६ डिग्रीला असावं असं धरायचं, त्याची तिप्पट ७८ (खोली, कोरडं पीठ आणि पाणी अशा तिघांची मिळून), त्यातून खोलीचे ३८ आणि कोरड्या पिठाचे ३७ वजा केले की उरतात ३. म्हणजे पाणी ३ डिग्रीचं पाहिजे! मी माठातलं गार पाणी घालून खूश होत होतो, त्यानं काय होणार, फ्रिजमधल्या पाण्यात बर्फाचे दोन खडे टाकले तेव्हा कुठं पीठ कह्यात आलं. आणि एक, गिरणीतून दळण आणल्या आणल्या वापरू नका, डब्यात हात घालून बघा, पोळतं. आई कायम पेपरवर पसरून गार करते, मला वाटायचं उगं जुनी सवय आहे.

माप सांगतो. मैदा ३०० ग्रॅम, घरच्या लोकवन गव्हाचं पीठ २००, पाणी ३४० च्या आसपास, मीठ १०, साखर १५, तेल २० आणि इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम. पाकिटावर ७ लिहिलेलं असतं, उन्हाळ्यात तेवढं घालू नका. वाटीनं मोजू नका, दोन-तीनशे रुपयांचा काटा मिळतो तो घ्या. गिरणीचं पीठ मैद्यापेक्षा बरंच जास्त पाणी पितं, एकतर कोंडा असतो आणि दुसरं म्हणजे जात्याच्या दगडाखाली स्टार्चचे कण फुटतात आणि फुटलेले कण पाणी ओढतात. म्हणून आधी नुसतं पीठ आणि पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं, मग मीठ, साखर, यीस्ट आणि तेल घालून मळायचं. मळायचं निम्मं काम त्या अर्ध्या तासात आपोआप होतं.

यीस्टवरून आठवलं. एकदा जवळच्या दुकानातून पाकीट आणलं, तीन तास झाले तरी पीठ ढिम्म. दुकानात ते उन्हाच्या काचेत कितीतरी महिने वाळत पडलेलं असणार. तेव्हापासून नवीन पाकीट आणलं की आधी कोमट पाण्यात चिमूटभर साखर टाकून दहा मिनिटं बघतो, फेस आला तर ठीक. मग डब्यात घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये.

मळायला मात्र आईच आली. मी परातीत पिठाशी कुस्ती खेळत होतो, बोटाबोटाला चिकटलेलं, ते बघून तिला राहवलं नाही. भाकरीचं पीठ ती काठवटीत तळहाताच्या टाचेनं रगडते, तसंच रगडलं. पाच-सात मिनिटांनी म्हणाली हे ज्वारीसारखं नाही, हे ओढलं की रबरासारखं मागं येतंय. तेच तर ग्लुटेन, गव्हातलं चिवट प्रथिन. ज्वारीत ते नसतंच, म्हणून भाकरीला उकळतं आधण लागतं, गरम पाण्यानं स्टार्च चिकट होतो आणि भाकर थापताना चिरत नाही. ब्रेडला नेमकं उलटं, गार पाणी आणि भरपूर मळणं. पिठाचा लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांनी हळूहळू ताणायचा, फाटायच्या आत पातळ पडदा होऊन पलीकडचा उजेड दिसला की थांबायचं.

परात धुवायचं काय? मी नळाखाली धरणार तेवढ्यात आईनं हिसकावून घेतली. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं आम्ही, चिकट परात दोन बादल्यांनी धुवायची म्हणजे घरात भांडणच. मूठभर कोरडं पीठ टाकून चोळायचं, सगळं सुटून येतं.

मग तिचं सुरू झालं, ज्वारी घाल ना त्यात. मी आधी नाही म्हणलं, नंतर म्हणलं बघू. नुसतं कोरडं पीठ घातलं तर ब्रेड भुसभुशीत होऊन तुटतो. पण ८० ग्रॅम ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात उकडीसारखं शिजवून, पूर्ण गार करून मैद्यात घातलं (तेवढा मैदा आणि तेवढं पाणी कमी करून) तर काय सांगू, ब्रेड दोन दिवस मऊ राहिला. उकडीत पाणी धरून राहतं ना. हे श्रेय आईचंच, मी फक्त काटा लावला.

भाजायला ओटीजी (लाईटवरचा छोटा ओव्हन), २०० डिग्री, तीस-पस्तीस मिनिटं. आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही. एकदा अठराव्या मिनिटाला गेली, मी दार उघडून बघायची चूक केली, सगळी ऊब गेली, आत कच्चा गोळा. आता लाईट गेली तर दाराला हात लावत नाही. भाजला का ते बघायला उलटा करून बुडावर बोटानं वाजवायचं, पोकळ आवाज आला पाहिजे. आईला हे सांगायला लागलं नाही, माठ घेताना ती तसंच वाजवून घेते.

तिला पटलं नाही ते एकच. ब्रेड निघाल्यावर तासभर कापायचा नाही, आतला ओलावा बसायला वेळ लागतो, गरम कापला तर सुरीला लगदा चिकटतो. "गरम खायचं नाही तर भाजायचं कामून?" तव्यावरून थेट ताटात भाकर वाढण्यात जिचा जन्म गेला तिला काय उत्तर देणार. मी दुसऱ्या खोलीत गेलो तेवढ्यात तिनं आणि माझ्या पोरानं मिळून कडेचा तुकडा तोडला, तेल आणि शेंगदाण्याची चटणी लावून संपवलापण.

सध्या दुपारचा नाद सोडलाय. रात्री नऊला बर्फाच्या पाण्यात मळतो, अर्धा तास बाहेर ठेवून फ्रिजमध्ये टाकतो, थंडीत यीस्ट सावकाश काम करतं आणि चवपण चांगली येते. आई पाचला उठते. पीठ बाहेर काढून भाजायच्या डब्यात भरायचं काम आता तिच्याकडं, आणि बोटानं दाबून बघायचंपण. खड्डा लगेच भरून आला तर थांबायचं, हळूहळू भरला तर भट्टी लावायची, भरलाच नाही तर उशीर झाला. काल सहाला माझ्या खोलीच्या दारावर थाप पडली, "उठ रे, हळूहळू वर येतंय, लाईट आहे तोवर लाव."