पत्र्याखालचा एप्रिल

सोलापूरला ऊन नवीन नाही, मान्य. एप्रिल-मे मध्ये पारा 43-44 ला जातो, आमच्या आज्ज्यांनी पण हेच ऊन काढलंय. पण ते सगळ्यांना सारखं लागत नाही, आणि दरवर्षी मोबाईलवर तोच मेसेज येतो, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. बरं. पण जिचं काम घरातच आहे आणि घरावर पत्रा आहे तिनं कुठं जायचं?

अशोक चौकाच्या पुढं, नीलम नगरकडं जा एकदा दुपारी. दारात, ओसरीत बायका सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. तेंदूचं पान कोरडं असलं की वळताना फाटतं, म्हणून आधी भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, मग मापानं कापायचं, तंबाखू भरायची, दोऱ्यानं बांधायचं, आणि हे दिवसाला हजारभर वेळा. फॅन लावला की पान वाळतं आणि तंबाखू उडते, म्हणून फॅन बंद. आमच्या शेजारच्या अक्का सांगतात, उन्हाळ्यात पान परत परत ओलं करावं लागतं, हात चालत नाही, डोकं गरगरतं, आणि तयार माल कारखान्याला देताना तिथं वाकडी, फाटकी विडी बाजूला काढली की तेवढी मजुरी गेली. म्हणजे गरमी वाढली की थेट पगार कापला जातो, त्याची नोंद कुठंच नाही.

पान भिजवायला पाणी लागतं आणि नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून घरात ड्रमच ड्रम, मग डास, मग डेंग्यू आणि दवाखान्याचं बिल. शहराला भीमा नदीवरच्या उजनीचं पाणी, केवढं मोठं धरण, 117 टीएमसी (त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, ते वेगळं), तरी 2024 च्या उन्हाळ्यात ते खोल मायनसमध्ये, म्हणजे त्या मृतसाठ्याच्याही आत गेलं होतं. पाऊस साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास आणि जिल्ह्यात साखर कारखाने तीसच्या वर. ऊसवाल्या शेतकऱ्याला मी शिव्या देणार नाही, खात्रीचा भाव दुसऱ्या कशाला मिळतोय? पण पाणी पहिलं कुणाला, हे भीमेच्या काठावर ठरतं आणि तिथं सोलापूरच्या पूर्व भागातली, या विडी वळणाऱ्या वस्त्यांतली बाई नसते.

मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. दुष्काळासाठी जी काय मदत येते, शेततळं, ठिबक, विमा, बहुतेक सगळी सातबाऱ्यावर. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीला पूर आला, माढा-मोहोळकडं शेतं पाण्याखाली गेली, पंचनामे झाले, ते व्हायलाच पाहिजेत. पण त्याच शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईचे बुडालेले रोज कोण लिहून घेणार? तिच्याकडं ना सातबारा, ना विमा.

चांगलं काही झालंच नाही असं नाही. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर ही कामगारांची घरकुल वसाहत उभी राहिली, 19 जानेवारी 2024 ला विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या अशा लोकांना 15,000 घरांच्या चाव्या मिळाल्या, माकपचे नेते नरसय्या आडम मास्तर आणि या बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून ते मिळवलं. पक्कं छत आलं की निम्मी लढाई जिंकली असं मी मानतो.

बाकीच्यांसाठी मोठा प्रोजेक्ट येईपर्यंत थांबायची गरज नाही. अहमदाबादनं 2013 मध्येच उष्णतेसाठी कृती आराखडा केला, पुढं तिथल्या वस्त्यांत छपरांना पांढरा रंग दिला, त्यानं आतली गरमी कमी होते. आपल्याकडं चुना काय महाग आहे? महापालिकेनं मार्चच्या आत पूर्व भागातले पत्रे रंगवून द्यावेत, आणि ते देताना घराचा उतारा मागू नये, कारण तिथं बरेच लोक भाड्यानं राहतात आणि घरमालक पत्र्यावर कुणाला चढू पण देत नाहीत.