अर्ध्या ड्रममधलं अंजीर

पुण्यात बाल्कन्यांमध्ये बागा लावून देणं आणि त्या सांभाळणं हा माझा धंदा. मी ख्रिस्ती, त्यामुळे चर्चच्या मंडळीतली माणसं कौतुकानं म्हणतात, "तुमचं काम म्हणजे रोज एक दाखलाच!" दाखला म्हणजे बायबलमधली बोधकथा. मला ते फारसं पटत नाही. झाड सुकलं की आधी कुंडीचं भोक तपासावं, वचन मग आठवावं, या मताचा मी. पण गेल्या जानेवारीत वडगाव शेरीला चर्चच्या एका निवृत्त पाळकसाहेबांकडे गेलो, तिथं दाखला टाळताच आला नाही.

चौथा मजला, पूर्वेची बाल्कनी. निळा ड्रम अर्धा कापून त्यात सासवडहून आणलेलं अंजीर लावलेलं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्या रोपांची हौस बरीच वाढलीय. पानं तळहाताहून मोठी, गडद हिरवी. फळ एकही नाही.

"तीन वर्षं झाली. काढून टाका, शेवंती लावू," पाळकसाहेब म्हणाले.

मला हसू फुटलं. बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय १३. तिथला मालकही तीन वर्षं फळ शोधून कंटाळतो आणि तोड म्हणतो. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, भोवती खणतो, खत घालतो. म्हटलं, "पाळकसाहेब, यात तुम्ही कोण आणि मी कोण, बघा बरं."

तेही हसले. "इतके उपदेश केले यावर, पण मालकाच्या जागी आज पहिल्यांदाच उभा राहिलो."

त्यांचा संशय माशीवर होता. अंजिराला परागीकरणासाठी बारीक गांधीलमाशी लागते आणि ती चौथ्या मजल्यावर येत नाही, असं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. पण हे पूना जातीचं अंजीर, त्याला तिची गरजच नसते. खरं कारण कोपऱ्यात पिशव्यांमध्ये होतं. दर पंधरवड्याला गांडूळखत, अधूनमधून मोहरीच्या पेंडीचं पाणी, वर शेणखत. एवढं नत्र मिळाल्यावर झाड पानांतच रमणार.

ड्रम ताडपत्रीवर आडवा केला. दहावीतली नात खोड धरायला आली. अंजिराच्या चिकानं कातडी चुरचुरते, म्हणून तिला हातमोजे दिले. मुळं भिंतीला लागून गोल गोल फिरलेली. तळाची भोकं त्यांनीच बुजवलेली. करवतीनं बाहेरचा दोनेक इंचांचा थर उतरवला, तळ कापला. पाळकसाहेबांना ते बघवेना. माती, कोकोपीट, जाडी वाळू आणि शेणखत जेमतेम ओंजळभर, असं नवं मिश्रण भरलं.

"पुढचं खत कधी?"

"महिनाभर काही नाही. कापलेली मुळं भाजतील. सावलीत ठेवा, पाणी बेतानं."

"दाखल्यातला माळी तर खत घालतो."

"आधी खणतो, पाळकसाहेब."

तेवढ्यात नात म्हणाली, "आजोबा, माझंही खत महिनाभर बंद करा ना! रोज रात्री बायबलचे तीन-तीन अध्याय."

आतून तिच्या आईचा आवाज आला, "काय बोलतेस!" पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. "वचन म्हणजे पेंडीचं पाणी नव्हे," ते म्हणाले.

"मी कुठं तसं म्हटलं? मला काही विचारायचं असतं, तोवर तुम्ही पुढच्या अध्यायात पोचलेले असता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ग्राहकाच्या घरच्या भांडणात माळ्यानं पडू नये. मी छाटणीला लागलो. फळ नव्या फुटीवर येतं, शेंडे खुडायचेच होते. बऱ्याच वेळानं ते खुर्चीत बसूनच म्हणाले, "पाळकपद सुटलं. आता ऐकायला ही एकटीच आहे हो." पोरीला ते ऐकू गेलं. ती काही बोलली नाही, पण झाडण्यासाठी कुंचा घेऊन आली आणि सगळी माती तिनंच भरली.

काही आठवड्यांनी फोन. "सगळी पानं गळाली. मेलं का?"

"नखानं साल जरा खरवडा."

"हिरवी आहे."

"मग राहू द्या."

फोन ठेवता ठेवता त्यांनीच सांगितलं, "रात्रीचा आता एकच अध्याय. तोही तिच्या निवडीचा. सध्या बायबलमधलं एस्तेरचं पुस्तक चाललंय. अख्ख्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही नाही, बाईंनी बरोबर तेच शोधून काढलं! आणि प्रश्न एवढे विचारते की एकच अध्याय जेवण थंड करतो."

मी पेंडीच्या पाण्याचं विचारलं. ते त्यांनी खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकलं होतं.